वाईत स्थायिक होऊ इच्छिणाऱ्यांस काही नम्र सूचना

पुण्यातल्या सदनिकेचे हप्ते फिटले असतील, पाठीचे दुखणे जडले असेल आणि ‘आता आपल्या गावी जाऊन निवांत राहावे’ असे वाटू लागले असेल, तर आपला विचार स्तुत्य आहे. सुरूर फाट्याला महामार्ग सोडून गाडी वाईकडे वळली की हवा बदलते, यात अतिशयोक्ती नाही. मात्र आपले खाजगी आयुष्य त्याच फाट्यावर उतरवून ठेवावे. पुढे त्याचा काही उपयोग होत नाही.

वाईची ख्याती ज्ञानासाठी आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी हाती घेतलेले मराठी विश्वकोशाचे काम येथूनच चालले. पहिला खंड १९७६ साली निघाला आणि विसावा पूर्ण होईपर्यंत २०१५ साल उजाडले. एवढी वर्षे का लागली, असे बाहेरचे लोक विचारतात, कारण प्रत्येक नोंदीची शहानिशा करावी लागते हे त्यांच्या ध्यानी येत नाही. आपल्याविषयीच्या नोंदीला ही अडचण नसल्यामुळे ती एका संध्याकाळी घाटाच्या पायऱ्यांवर तडीस जाते. आपण नोकरी सोडली की ती सुटली, सूनबाई सोबत का आल्या नाहीत, वाड्याच्या वाटणीत धाकट्या भावाची सही घेतली होती की नव्हती, हे सारे तीत सविस्तर येते. खुलासा करण्याच्या भानगडीत पडू नये. खुलासा ही स्वतंत्र नोंद समजली जाते आणि तिच्याखाली पुन्हा उपनोंदी पडतात.

औषधे शक्यतो गावात घेऊ नयेत. दुकानदार आपला शाळासोबती असतो, तो डॉक्टरांची चिठ्ठी डोळ्यांजवळ धरतो आणि ‘अरे, साखर कधीपासून?’ असे अशा आवाजात विचारतो की, रस्त्यावरून स्कूटरने चाललेला गृहस्थही वेग कमी करून उत्तराची वाट पाहतो. आपण घरी पोहोचतो तेव्हा शेजारच्या काकू कारल्याच्या रसाचा पेला घेऊन ओट्यावर उभ्या असतात. पुढच्याच लग्नात जिलेबीचे ताट घेतलेला वाढपी आपल्या पानापाशी न थांबता पुढे जातो, आणि तो ज्या सहानुभूतीने पाहतो ती मधुमेहापेक्षा जिव्हारी लागते. यावर उपाय म्हणून काही जण साताऱ्याहून गोळ्या आणतात. परंतु तपासण्यांसाठी निम्मी वाई साताऱ्यालाच जात असल्याने तेथेही रांगेत पुढे आपलाच कोणीतरी मामा उभा असतो.

याच मंडळींचा फायदाही आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. रात्री दोन वाजता छातीत कळ आली तर रुग्णवाहिकेचा क्रमांक शोधावा लागत नाही. हाक ऐकून चौघे धावत येतात, कोणाची तरी गाडी निघते आणि साताऱ्याला पोहोचेपर्यंत रोगाचे निदानही झालेले असते. हे उपकार फिटत नसतात. ती रात्र आपल्यादेखत, दरवेळी थोड्या वाढीव तपशिलासह, आयुष्यभर ऐकण्याची तयारी मात्र ठेवावी.

कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचा, उत्सव गावच्या सातही घाटांवर पाळीपाळीने होतो. वर्गणी मागायला कार्यकर्ते आले की ‘किती देऊ?’ असे विचारून आपले अज्ञान प्रकट करू नये. वडील काय देत असत आणि मुलगा अमेरिकेत किती कमावतो, या दोन्हींचा मेळ घालून आकडा आधीच ठरलेला असतो. आपण फक्त पावतीवर आपले नाव बरोबर लिहिले आहे ना, तेवढे पाहावे.

शनिवार-रविवारी पसरणीचा घाट चढून पाचगणी-महाबळेश्वरला निघालेल्या गाड्या गावात इतकी गर्दी करतात की, निवांतपणा कोठे असतो हे सोमवारपर्यंत कळत नाही. चित्रीकरणाचे पथक आले असेल तर मेणवलीच्या घाटाकडे फिरकू नये. पडद्यावर तो कधी बिहारातला असतो, कधी उत्तर प्रदेशातला. अनोळखी म्हणून वावरण्याची सोय वाई तालुक्यात एवढ्या एका घाटालाच आहे.

नवख्या रहिवाशाने ढोल्या गणपतीच्या देवळाला मागच्या बाजूने प्रदक्षिणा घालावी. सरदार रास्त्यांनी १७६२ साली हे देऊळ बांधवले तेव्हा त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची ठेवली, जेणेकरून कृष्णेच्या पुराचे पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावे. आपल्या पाठीची ठेवणही हळूहळू तशीच करून घ्यावी. दुखणे आधीच जडलेले असल्याने फारसा वेगळा त्रास होणार नाही.

इतके करूनही जमले नाही आणि पुण्यालाच परत जावे असे मनात आले, तर घरात त्याविषयी मोठ्याने बोलू नये. आपली बोलणी संपण्याच्या आत काकूंनी आपल्या घरासाठी भाडेकरू पाहिलेला असेल, त्याला वरची खोली आवडलेली असेल आणि अनामत रकमेबाबत त्याचे म्हणणेही ठरलेले असेल.