शितावरून अल्बम कळत नाही

आमच्या जळगावात सध्या एक मजकूर या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरतोय: 'पहिलं गाणं ऐकलं की अल्बम कळला. शितावरून भाताची परीक्षा. कलाकार सगळ्यात चांगलं गाणंच आधी देतो, ते फसलं तर बाकीच्यांवर वेळ घालवू नका.' माझ्या भाचीनेही तो मला पाठवला, तेव्हा गप्प बसवेना.

शीत दाबून भात कळतो, कारण सगळा तांदूळ एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. अल्बम असा शिजत नाही. अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टच्या 'लव्हर' या अल्बममध्ये 18 गाणी आहेत. एप्रिल 2019 मध्ये अल्बमच्या आधी एकटंच बाहेर आलं ते 'मी!', गायक ब्रेंडन युरीबरोबरचं, शाळेच्या स्नेहसंमेलनात शोभेल असं रंगीत आणि उड्या मारणारं. ऑगस्टमध्ये अल्बम हाती आला, तर त्यात 'द आर्चर'सारखं स्वतःलाच प्रश्न विचारणारं गाणं होतं आणि आईच्या आजारपणावरचं 'सून यूल गेट बेटर'ही होतं. 'मी!' कुठे होतं? सोळाव्या क्रमांकावर. तिला स्वतःला ते अल्बमचं दार वाटलं असतं, तर इतकं मागे ठेवलं असतं का?

त्याआधी 2017 मध्ये तिच्याच 'रेप्युटेशन' अल्बमच्या वेळी याच्या बरोबर उलटं झालं होतं. पहिलं गाणं सूडाचं, 'जुनी टेलर मेली' असं सांगणारं. लोक भांडणाच्या अल्बमची वाट पाहत बसले, आणि त्यात निघाली बरीचशी प्रेमाची गाणी. शेवटचं तर पियानोवरचं, अगदी हळू आवाजातलं.

'सगळ्यात चांगलं आधी' हेही मला पटत नाही. रस्त्याने जाणारा अनोळखी माणूस थांबेल का, हे बघून पहिलं गाणं निवडतात. आपल्याकडे वरातीत बँडवाले सुरुवात देवाच्या गाण्याने करतात. अहिराणी गाणी पुढे वाजतात, तेव्हा म्हातारीकोतारीसुद्धा नाचतात. पहिलं गाणं ऐकून घरात गेलेल्याने त्या बँडबद्दल काय सांगावं?

आणि 'फसलं की संपलं'? 'मी!' तसं चाललं, बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या, यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. त्याच अल्बममधलं आणखी एक गाणं, 'क्रूएल समर', चार वर्षं नुसतं पडून होतं. 2023 मध्ये ते सिंगल, म्हणजे सुटं गाणं, म्हणून आलं आणि ऑक्टोबरमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं. चार वर्षं! गाणं तेच, आवाज तोच.

ऐकणाऱ्याची नाराजी मात्र खरी असते, ती मी नाकारत नाही. एक दाखवून दुसरं दिलं की माणूस चिडणारच, आणि त्यात निवड करणाऱ्यांचा दोष आहे. पण त्याची शिक्षा उरलेल्या सतरा गाण्यांना कशाला?

भाचीने 2019 मध्ये 'मी!' अर्ध्यावर बंद केलं होतं. अल्बम तिने उघडलाच नव्हता. तिच्या मजकुराला उत्तर म्हणून मी तिला ते आईवरचं गाणं पाठवलं. रात्री तिने विचारलं, ''मामा, हे त्याच अल्बममधलं आहे?''