शंभर चौरस फुटांत वर्षभराची भाजी? हिशेब मांडून पाहू

गच्चीवरच्या बागेबद्दल एक संदेश पावसाळ्याच्या तोंडाशी हमखास फिरतो. त्याचा आशय असा: १०० चौरस फूट गच्ची असेल तर चौघांच्या घराला बाजारातून भाजी आणावीच लागणार नाही. फूटभर माती पसरा, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं आणि केळीच्या साली टाका, रोज दहा मिनिटं पाणी घाला. शोभेच्या फुलझाडांत जागा वाया घालवू नका.

परसबाग घरोघरी व्हावी असं मला मनापासून वाटतं, म्हणूनच या संदेशाची काळजी वाटते. तो वाचून लोक उत्साहाने सुरुवात करतात, तीन महिन्यांत चार टोमॅटो निघतात आणि कुंड्या कोपऱ्यात पडतात.

आधी उत्पादनाचं बघू. माणशी रोज पाव किलो भाजी धरली तर चौघांना रोज एक किलो, म्हणजे वर्षाला ३६५ किलो लागते. १०० चौरस फूट म्हणजे सव्वानऊ चौरस मीटर. आपल्याकडे शेतात टोमॅटोचं सरासरी उत्पादन हेक्टरी साधारण २५ टन, म्हणजे चौरस मीटरला अडीच किलो येतं. वर्षात तीन पिकं काढली तरी हिशेब ७० किलोच्या आसपास थांबतो. घरच्या निगराणीने तो दुप्पट झाला असं मानलं, तरी निम्मी गरजही भागत नाही. कांदे-बटाटे तर या जागेत लावूच नयेत.

पण याच जागेत पालेभाजी मात्र घराला पुरते. तीन फूट बाय दोन फुटांचे पाच वाफे करा आणि दर आठवड्याला एकात मेथी किंवा माठ पेरा. महिन्याभराने दर आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास कोवळी भाजी हाताशी येते. कढीपत्ता, पुदिना, गवती चहा, मिरच्या, चुका, मायाळू हे सगळं लागतं थोडं, पण ताजं लागतं. चुका आणि मायाळू तर शहरात शोधावे लागतात. बाग आखायची ती या गरजेभोवती.

संदेशातला सगळ्यात धोक्याचा सल्ला फूटभर मातीचा आहे. ओल्या मातीचं वजन घनमीटरला दीड टनाच्या वर असतं. फूटभर थर म्हणजे चौरस मीटरला जवळजवळ ५०० किलो, आणि १०० चौरस फुटांवर साडेचार-पाच टन! वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला वापराचा भार चौरस मीटरला साधारण १५० किलो आहे. जुन्या इमारतीत हा खेळ करू नये. उसाची चिपाडं, नारळाच्या शेंड्या, वाळका पालापाचोळा आणि त्यावर थोडं खत-माती असा हलका थर पालेभाजीला सहा-आठ इंचांत पुरतो. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर जी बाग फुलली, ती ओल्या कचऱ्यावर आणि पालापाचोळ्यावरच. जड कुंड्या भिंतीलगत, तुळयांच्या रेषेत ठेवाव्यात, आणि काहीही वर चढवण्याआधी अभियंत्याला विचारावं.

आता खताचं. अंड्याचं टरफल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ते मातीत फार सावकाश विरघळतं. टोमॅटोचं बूड काळं पडलं की लोक टरफलं टाकतात, पण त्यामागे बहुतेक वेळा पाण्याचा अनियमितपणा असतो. कधी कोरडं, कधी तुडुंब असं झालं की कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. दूध-साखरेच्या चहाचा चोथा न धुता टाकला तर मुंग्या आणि चिलटं येतात. केळीची साल कुंडीत पुरण्यापेक्षा कंपोस्टच्या डब्यात जावी. तिथे सगळं एकत्र कुजलं की चांगलं खत होतं.

उन्हाबद्दल संदेशात चकार शब्द नाही, आणि बाग तर तिथेच ठरते. वांगी, टोमॅटो, मिरचीला किमान सहा तास थेट ऊन हवं. पालेभाज्यांचं तीन-चार तासांवर भागतं. शिवाय ऊन वर्षभर एका जागी नसतं. पुण्यात मेच्या मध्याला दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो आणि मग जुलैअखेरपर्यंत किंचित उत्तरेला असतो. डोक्यावर छत असलेल्या दक्षिणेच्या बाल्कनीत डिसेंबरात भरपूर ऊन येतं, पण मे-जूनमध्ये तीच बाल्कनी सावलीत असते. तिथे टोमॅटो थंडीतच घ्यावेत. गच्चीवर वेलाचा मांडव उत्तरेच्या कडेला घातला की वर्षातला बराच काळ त्याची सावली वाफ्यांवर पडत नाही.

राहिला फुलांचा मुद्दा. इथे मी संदेशाच्या अगदी उलट बाजूला आहे. दुधी, दोडका, काकडी यांची नर आणि मादी फुलं वेगळी असतात. परागकण नेणारं कोणी आलं नाही तर फळ धरत नाही, कोवळी काकडी पिवळी पडून गळते. झेंडू, तुळस, फुलोऱ्यावर सोडलेली कोथिंबीर यांनी मधमाश्या येतात. झेंडूच्या मुळांतला रस मातीतल्या सूत्रकृमींना (मुळांना लागणाऱ्या अतिसूक्ष्म कृमींना) आवरतो, मात्र त्यासाठी तो हंगामभर दाट लावावा लागतो. शोभेपुरती दोन रोपं पुरत नाहीत. आणि बाग देखणी हवी ती कामासाठीच. लाल माठाशेजारी हिरवी मेथी, जांभळ्या देठाची मायाळू जाळीवर, मध्ये दीड फुटाची वाट आणि बसायला एक पाट असेल तर माणूस रोज तिथे जातो, आणि मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, पहिल्या दिवशीच दिसतो.

दुधी आणि दोडक्याची फुलं मात्र संध्याकाळी उमलतात, तेव्हा मधमाश्या घरी गेलेल्या असतात. दिवेलागणीला एक ताजं नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात आणि परागकण मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवावेत. मादी फूल ओळखायला सोपं आहे: त्याच्या मागे इवलासा दुधी आधीच दिसत असतो.