आत्याच्या गोळ्या आणि ‘९० टक्के जिवाणू’

“माणूस फक्त १० टक्केच माणूस, ९० टक्के जिवाणू. अंगात २ किलो जिवाणू. मनसुद्धा पोटातच असतं, अँटिबायोटिकनं स्वभाव बदलतो. शुगर ही त्यांचीच गडबड, गोळ्या बंद करा, ४० दिवस उपाशीपोटी आंबवलेल्या भाताचं पाणी प्या.” हा मेसेज आमच्या फॅमिली ग्रुपवर चौथ्यांदा आला. तीनदा गप्प बसलो. चौथ्यांदा आत्यानं खरंच गोळ्या बंद केल्या, आणि सकाळी मशीनवर आकडा आला २८०.

९० टक्केवालं आधी उरकतो. १९७२ साली लकी नावाच्या शास्त्रज्ञानं मांडलेला ढोबळ अंदाज सगळे चघळत बसले. २०१६ ला सेंडर, फुक्स आणि मिलो यांनी नीट मोजदाद केली : जिवाणू साधारण ३८ लाख कोटी, आपल्या पेशी ३० लाख कोटी. म्हणजे जवळपास बरोबरीच. वजन २ किलो नाही ओ, २०० ग्रॅम! सोलापुरात नवी पेठेत शेंगाचटणीचं पाव किलोचं पाकीट घेता ना, त्याहून कमी.

आता ते पाणी. एकतर शुगरवाल्याला भाताचं पाणी, स्टार्च काय ४० दिवसांत पुण्यवान होतो का? आणि आपल्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, तेच पिंपातलं, मे महिन्यातलं सोलापूर, रात्रभर ओट्यावर पातेलं, त्यात फक्त ‘चांगले’च जिवाणू वाढणार हे कुणी लिहून दिलं? शिजलेल्या भातात बॅसिलस सेरेअस नावाचा जिवाणू मजेत वाढतो, आणि त्याचं उलटीचं विष परत उकळलं तरी जात नाही. गंमत म्हणजे आत्यानं बंद केलेली शुगरची गोळी, मेटफॉर्मिन, स्वतःच आतड्यातले जिवाणू बदलते. मग जिवाणूंसाठीच गोळी सोडली म्हणायची का?

सेरोटोनिन, म्हणजे मूडशी जोडलं जाणारं रसायन, ९० टक्के पोटात बनतं, हे खरंय. पण ते मेंदूत जात नाही, त्यामुळं ‘मन पोटात असतं’ वगैरे सोडा. अँटिबायोटिकनं स्वभाव बदलतो? आतड्यातले जिवाणू विस्कटतात, तेवढं मान्य.

आणि हो, क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल नावाच्या जिवाणूमुळं होणाऱ्या हट्टी जुलाबावर निरोगी माणसाच्या विष्ठेतले जिवाणू पेशंटच्या आतड्यात सोडतात आणि गुण येतो, हेही खरं. पण ते दवाखान्यात, देणाऱ्याची तपासणी करून. २०१९ ला अमेरिकेत त्यातनं औषधाला न जुमानणारे जिवाणू गेले आणि एक पेशंट दगावला. तिथं ही गत, इथं पातेल्यातला प्रयोग.

डॉक्टरांना विचारून आत्याच्या गोळ्या परवापासून परत चालू झाल्यात. पातेलं अजून ओट्यावरच आहे, “एवढा भात टाकू कशाला” म्हणते.