व्हिस्कीत शेपूचा वास? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. बर्बन (मुख्यतः मक्याची अमेरिकन व्हिस्की) आणि राय (राय नावाच्या गव्हासारख्या धान्याची व्हिस्की) यांच्या ब्लेंडवरच्या, म्हणजे मिश्रणावरच्या, माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. दोन व्हिस्की एकत्र करणं ही भेसळच. पाणी घातलं की खरी चव उरत नाही. आणि शेपू, लवंग, खोबरं हे वास ग्लासात नसतात, लिहिणाऱ्याच्या डोक्यात असतात.

‘ब्लेंड’ या शब्दावरचा राग समजतो. आपल्याकडे स्वस्तातली ब्लेंडेड व्हिस्की म्हणजे बहुतांशी मळीचं स्पिरिट. अमेरिकेतही लेबलावर नुसतं ‘ब्लेंडेड व्हिस्की’ असेल तर २० टक्के स्ट्रेट व्हिस्की (पिंपात किमान दोन वर्षं मुरलेली) पुरते, बाकी न्यूट्रल स्पिरिट, म्हणजे जवळजवळ बिनचवीचा अल्कोहोल, चालतं. पण लेख ‘ब्लेंड ऑफ स्ट्रेट व्हिस्कीज’बद्दल होता, आणि त्यात न्यूट्रल स्पिरिटला जागाच नाही. बर्बनमध्ये मका किमान ५१ टक्के, रायमध्ये राय धान्य किमान ५१ टक्के, आणि दोन्ही आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात किमान २ वर्षं मुरलेल्या. वाइल्ड टर्की या अमेरिकन ब्रँडची २०१३ सालची ‘फर्गिव्हन’ याच जातीची: ६ वर्षांची बर्बन ७८ टक्के, ४ वर्षांची राय २२ टक्के. याला भेसळ म्हणणं अन्यायाचं आहे.

आता वास. लवंगेचा वास ज्या युजेनॉलमुळे येतो, तेच युजेनॉल ओकच्या लाकडात असतं. खोबऱ्याचा वास ओकमधल्या लॅक्टोनचा, व्हॅनिलाचा वास लाकूड भाजल्यावर तयार होणाऱ्या व्हॅनिलिनचा. म्हणजे हे तिन्ही पिंपाकडून येतात. इथेच बरेच जण फसतात: लवंग जाणवली की ‘राय जास्त आहे’ असं ठरवून मोकळे होतात, आणि प्रत्यक्षात ती जुन्या बर्बनच्या लाकडाची असू शकते. रायची स्वतःची खूण शेपू, पुदिना, थोडी मिरी अशी हिरव्या अंगाची. इंडियानातल्या लॉरेन्सबर्गची ९५ टक्के राय आणि ५ टक्के माल्टेड बार्लीची (मोड आणलेल्या जवाची) व्हिस्की अनेक ब्रँडखाली विकली जाते. ती मिळाली तर शेजारी शेपूची ताजी काडी चुरडून ठेवा आणि आलटून पालटून वास घ्या. ग्लासात नाक खुपसू नका, तोंड किंचित उघडं ठेवा, नाहीतर अल्कोहोलच्या झणक्याने पुढच्या दोन-तीन वासांना नाक बधिर होतं.

पाण्याच्या बाबतीत तुमचं अर्धं म्हणणं मान्य आहे. किती पाणी घातलं हे लेखात लिहायला हवं होतं, ते राहिलं. ५५ टक्के अल्कोहोलची ३० मिली व्हिस्की ५० टक्क्यांवर आणायला साधारण ३ मिली पाणी लागतं, ४५ वर आणायला साडेसहा-सात मिली. पहिला घोट बिनपाण्याचाच घ्यावा. पण जुन्या व्हिस्कीचं खरं वय पाण्यानेच कळतं. अल्कोहोलची जळजळ पाण्याने उतरते. लाकडातल्या टॅनिनचा तुरटपणा उतरत नाही. कच्ची सुपारी चघळल्यासारख्या हिरड्या आवळल्या आणि पाणी घालूनही तसंच राहिलं, तर पिंपाने व्हिस्कीवर कुरघोडी केली आहे. लेखातल्या ब्लेंडचे गुण मी त्याच कारणाने कापले होते. ताजी राय तो तुरटपणा झाकते, घालवत नाही. गार पाणी मात्र नको, वास दबतात.

ब्लेंड तपासायचा माझ्या मते एकच भरवशाचा मार्ग: दोन्ही घटक वेगळे चाखा आणि मग स्वतः मिसळा. आधी दोन्ही एकाच तीव्रतेवर (अल्कोहोलच्या टक्क्यांवर) आणा. हे टाळलं तर ६० टक्क्यांची राय ४५ टक्क्यांच्या बर्बनवर उगाच चढते आणि दोष प्रमाणाला जातो. औषधाच्या दुकानातल्या बिनसुईच्या सिरिंजने ३९ मिली बर्बन आणि ११ मिली राय घ्या, म्हणजे ७८:२२ झालं. छोट्या, गळ्यापर्यंत भरेल अशा बाटलीत एक दिवस ठेवा. दुसऱ्या बाटलीत ४५ आणि ५. दहा टक्क्यांवर राय बहुधा फक्त गोडवा कापते. ३५ टक्क्यांच्या आसपास बर्बनचा मका मागे पडतो. तळाशी उरलेल्या जुन्या बाटलीतला माल यासाठी वापरू नका, हवेने तो बदललेला असतो.

‘डोक्यातले वास’ या आक्षेपाचं उत्तर शब्दांनी देता येणार नाही. तीन सारखे ग्लास घ्या, निमुळत्या तोंडाचे. दोनात नुसती बर्बन, एकात ७८:२२, प्रत्येकी १० मिली. खूण बुडाला, भरणारा माणूस दुसरा, आणि रंग दिसू नये म्हणून दिवा मंद. वेगळा ग्लास कोणता ते नुसत्या वासावर सांगा. असं सहा वेळा, मध्ये पाच-पाच मिनिटं थांबून, दर वेळी क्रम बदलून. अंदाजाने सहापैकी दोन बरोबर येतात. चार आले तरी योगायोग असू शकतो. पाच आले तर तुमच्या नाकाला राय सापडली आहे. आकडा कितीही आला तरी इथे लिहा, आणि दोन्ही बाटल्यांची तीव्रता सोबत द्या.