एकदा हो म्हण ना, तुझं काय जातंय?

आज लेकीला घेऊन सिनेमाला गेले होते. तेरा वर्षांची आहे. वर्गातल्या सगळ्या मुलींचा बघून झालाय म्हणून पंधरा दिवस डोकं खात होती. सिनेमाचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की खाली नायकाच्या अभिनयावर चर्चा सुरू होईल, आणि मला त्याच्या अभिनयाबद्दल काही म्हणायचं नाहीये. नणंदेनं आधीच सांगून ठेवलं होतं, "बिनधास्त ने गं वहिनी, एकदम स्वच्छ आहे. एक किससुद्धा नाही." पडद्यावर सर्टिफिकेट आलं, यूए 13+. म्हटलं, चला, बरोब्बर आपल्याच वयाचं.

किस खरंच नाही. शिवी नाही, दारू नाही, कपडे अंगभर. आणि त्या स्वच्छ सिनेमात ती मुलगी तीन वेळा नाही म्हणते. एकदा कॉलेजच्या जिन्यात, एकदा फोनवर आणि एकदा त्याच्या मित्रांच्या घोळक्यात, रडकुंडीला येऊन. तिन्ही वेळा कॅमेरा त्याच्या पडलेल्या चेहऱ्यावर जातो आणि व्हायोलिन वाजायला लागतं. ती नाही म्हणून घरी जाते तेव्हा तिला कसं वाटलं, यावर अडीच तासांत एक मिनिटसुद्धा नाही. मग तो स्वतःला इजा करून घेतो आणि दुसऱ्या दिवशी पट्टी बांधलेला हात घेऊन तिच्या दारात येतो. ती धावत येऊन गळ्यात पडते. थिएटरभर शिट्ट्या, टाळ्या. माझ्या शेजारी माझी पोरगी हुंदके देऊन रडत होती.

मी त्या पट्टीकडे बघत बसले होते.

मी दहावीत असताना क्लासच्या वाटेवर एक मुलगा उभा राहायचा. सात-आठ महिने, रोज. मी रस्ता बदलला की तोही बदलायचा. मैत्रिणींच्या हातून दोनदा निरोप पाठवला, मला नाही बोलायचं म्हणून. मैत्रिणी म्हणायच्या, नशीबवान आहेस, आमच्यासाठी कोण उभं राहतंय. एक दिवस तो मनगटाला पट्टी बांधून आला. पट्टी नीट बांधलेली नव्हती. चिकटपट्टीचं एक टोक सुटलं होतं आणि बोलता बोलता तो ते अंगठ्यानं दाबून पुन्हा पुन्हा चिकटवत होता. त्याचा चेहरा आज मला धड आठवत नाही, पण ते सुटलेलं टोक आठवतं. आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या मैत्रिणीचा आवाज आठवतो, "एकदा हो म्हण ना, तुझं काय जातंय?"

मी हो म्हणाले.

भीतीनं म्हणाले. उद्या याचं काही बरंवाईट झालं तर सगळे माझ्याकडे बोट दाखवतील, एवढंच डोक्यात होतं. पण पुढची दोन वर्षं मी त्याला प्रेम म्हणत होते. कारण पट्टी, रडणं आणि मग हो हे सगळं मी पडद्यावर शंभरदा पाहिलं होतं, आणि तिथे त्याला प्रेमच म्हणतात.

म्हणून मला त्या ‘स्वच्छ’ शब्दाची चीड येते. स्वच्छ म्हणजे काय हो? सेन्सॉरवाले चुंबनाचे सेकंद मोजतात, शिव्यांवर आवाज बंद करतात, आणि नकार देणाऱ्या मुलीच्या दारात रात्रभर उभा राहणारा माणूस मात्र तेरा वर्षांच्या पोरांसाठी ठीक? 1983 मध्ये यूए आलं. 2023 मध्ये कायदा बदलला आणि त्याच यूएचे 7+, 13+, 16+ असे तीन भाग झाले. तेव्हा मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण हे आकडे आईबापांना सल्ला म्हणून आहेत, दारात कुणी वय विचारत नाही, आणि आकडा नेमका कशासाठी दिलाय ते मला त्या सर्टिफिकेटवरून कळत नाही. ओटीटीवर निदान 2021 च्या नियमांपासून वयाबरोबर आत काय आहे त्याचे दोन शब्द लिहावे लागतात. थिएटरात फक्त आकडा. त्यावर आई काय डोंबल ठरवणार?

बरं, कायदा काय म्हणतो? मुलीला रस नाही हे तिनं स्पष्ट दाखवल्यावरही पुन्हा पुन्हा पाठलाग करून संपर्क साधायला बघणं हा 2013 पासून वेगळा गुन्हा आहे. आता भारतीय न्याय संहितेचं कलम 78. पहिल्यांदा दोषी ठरला तर तीन वर्षांपर्यंत कैद, पुन्हा ठरला तर पाच. म्हणजे सिनेमाच्या मध्यंतरापर्यंत आमचा नायक आरोपी आहे आणि आमची मुलं त्याच्यासाठी टाळ्या वाजवतायत. मी दहावीत होते तेव्हा हे कलमच नव्हतं. आज आहे, तरी व्हायोलिन अजून त्याच्याच बाजूनं वाजतंय.

आता कुणीतरी लिहीलच की सिनेमा बघून कुणी बिघडत नसतं. नसेल. मीही बिघडले नाही, दोन वर्षांनी बाहेर पडले, शिकले, संसार केला. आणि सिनेमात चुकीची माणसं दाखवूच नयेत असंही मी म्हणत नाहीये. दाखवा की. फक्त ती चुकतायत हे सिनेमातल्या एका तरी माणसाला कळू दे. तिची आई, तिची मैत्रीण, कुणीही. आज पाहिलेल्या सिनेमात मैत्रीणच तिला समजावते, "इतकं प्रेम कोण करतं गं आजकाल?" तीस वर्षांनी तोच आवाज. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते.

एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. शेवटी मीसुद्धा रडले. स्टेशनवरचा निरोपाचा प्रसंग आहे, ती खिडकीतून हात बाहेर काढते आणि गाडी सुटते. आवंढा गिळून गिळून शेवटी रडलेच. असे सिनेमे मला आवडतात. पदराला डोळे पुसत घरी येण्यात जे सुख आहे ते माझ्या मुलीलाही मिळावं असं मला मनापासून वाटतं. तिचं रडणं खोटं नव्हतं. दुसऱ्याच्या दुःखानं रडू येणारी मुलगी आहे माझी, याचा मला आनंदच आहे. म्हणून तर जास्त भीती वाटते. अशाच मुलींना ती पट्टी दिसते आणि त्या हो म्हणतात.

बाहेर आल्यावर डोळे पुसत म्हणाली, "किती प्रेम करतो ना आई तो?" मी तेव्हा काहीच बोलले नाही. तिथेच भाषण ठोकलं असतं तर तिनं कानात इअरफोन घातले असते.

रात्री अंथरुणं घालताना सांगितलं. सगळं. क्लासची वाट, बदललेला रस्ता, पट्टीचं ते टोक. हे मी तिच्या बाबांना सोडून कुणाला सांगितलं नव्हतं. ती उशी पोटाशी धरून ऐकत होती. मला वाटलं विचारेल, पुढे त्या मुलाचं काय झालं. सगळे तेच विचारतात, तिच्या बाबांनीही तेच विचारलं होतं.

तिनं विचारलं, "पण तुला तो आवडायचा का?"

नाही, म्हटलं. कधीच नाही.

"मग?" म्हणाली, आणि माझ्याकडे बघत राहिली.

रविवारी मैत्रिणींबरोबर तोच सिनेमा पुन्हा बघायला जायचंय तिला. जा म्हटलंय.