मिनियापोलिसचं नाव काढलं आणि

मिनियापोलिसला जायचा विचार चाललाय, एवढंच मी म्हणालो. समोरच्या काकांनी शिऱ्याचा द्रोण खाली ठेवला, माझ्या खांद्यावर हात टाकला आणि अख्ख्या बेसमेंटला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात विचारलं, “नोकरी गेली का रे?”

न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या सत्यनारायणाच्या पूजेत असा प्रश्न पडला की तो जमिनीवर पडत नाही, हातोहात पुढे जातो. आरती संपेपर्यंत तो चपलांच्या ढिगापर्यंत पोचला होता. एका सद्गृहस्थांनी माझ्याकडे बायोडेटा मागितला. एका वहिनींनी बायकोला बाजूला घेऊन “डबा पाठवू का?” असं विचारलं. नोकरी शाबूत आहे, उलट बढती मिळून चाललोय, हे मी सांगत सुटलो. पण हे जितकं सांगावं तितका समोरच्याचा चेहरा आणखी कनवाळू होत जातो. काकांवर, त्या द्रोणासकट, मी अजून रागावलेलो आहे.

काकांची ओळख करून द्यायला हवी. माणूस कुठला, हे ते गावावरून नाही, टर्नपाइक या महामार्गावरच्या एक्झिटच्या नंबरावरून ओळखतात. अमेरिकेत त्यांची हयात गेली, पण पश्चिमेला त्यांनी पाहिलेली शेवटची गोष्ट म्हणजे शिकागोच्या ओहेअर विमानतळावरची खुर्ची, आणि तीही विमान चुकलं म्हणून. एवढ्या भांडवलावर ते मिडवेस्टवर, म्हणजे देशाच्या मधल्या उत्तर भागावर, बोलतात, आणि बसून बोलतात.

“तिथे ती गाड्यांची शर्यत होते ना?”

“ते इंडियानापोलिस, काका.”

“तेच रे.”

“तेच नाही. ते इंडियाना राज्यात. हे मिनेसोटा. मध्ये सहाशे मैल आहेत.”

“मग गाड्यांचे कारखाने असतील.”

“ते डेट्रॉइटला.”

“मग तुझ्या गावात आहे तरी काय?”

मी मोठ्या कंपन्या सांगितल्या. टार्गेटचं मुख्यालय शहरात, बेस्ट बायचं शेजारी रिचफिल्डला, जनरल मिल्सचं गोल्डन व्हॅलीला, थ्रीएमचं सेंट पॉलला लागून मेपलवुडला. काका ढिम्म. शेवटी मी हुकमाचं पान टाकलं. बॅटरीवर चालणारा, अंगावर बाळगता येणारा पेसमेकर 1957 साली मिनियापोलिसमध्येच तयार झाला, अर्ल बॅकन नावाच्या माणसाने केला. हे पान मुद्दाम टाकलं होतं, कारण काकांच्या छातीत पेसमेकर आहे.

काकांनी कुर्त्यावरून छाती चाचपली. “हे तिथलं?”

“सुरुवात तिथली.”

त्यांनी थोडा विचार केला. “पण मग इथे मिळतंच की! तिकडे जायचं कशाला?”

यावर काय बोलणार? मी गप्प बसलेला पाहून त्यांनी ठेवणीतला बाण काढला. “आणि थंडी? उणे चाळीस होतं म्हणे तिथे.”

“इतकं क्वचित. आणि उणे चाळीसला फॅरनहाइट आणि सेल्सियस एकच, बरं का.”

“बघ!” काका सगळ्यांकडे वळून म्हणाले, “दोन्हीकडून थंडी!”

पूर्व किनाऱ्याची ही खोड जुनी आहे. 1885 मध्ये न्यूयॉर्कच्या एका वार्ताहराने लिहून ठेवलं होतं की सेंट पॉल म्हणजे दुसरा सायबेरिया, हिवाळ्यात माणसाने राहू नये. तिथल्या लोकांनी खुलासा छापला नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी बर्फाच्या लाद्यांचा राजवाडा उभारून हिवाळ्याची जत्रा भरवली, ती विंटर कार्निव्हल या नावाने आजही भरते. मला हे उत्तर फार आवडतं. फक्त बेसमेंटमध्ये उभ्याउभ्या राजवाडा बांधता येत नाही.

खरं सांगायचं तर मिनियापोलिसची थंडी ही त्या सगळ्या प्रकरणातली सर्वांत सोपी अडचण आहे. 30 जानेवारी 2019 ला पारा उणे 28 फॅरनहाइटपर्यंत गेला होता, हे खरं. पण असे दिवस मोजकेच येतात आणि येणार हे आधी कळतं. एरवी जानेवारीची पहाट शून्य ते दहा फॅरनहाइटच्या आसपास असते. डाउनटाउनमध्ये दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून इमारती जोडणारे काचेचे पूल आहेत, साडेनऊ मैलांचं जाळं. पार्किंगपासून ऑफिसपर्यंत कोट न घालता जाता येतं. गाडीची बॅटरी शून्य फॅरनहाइटला निम्म्याहून अधिक जोर गमावते आणि त्याच वेळी इंजिनातलं तेल दाट झालेलं असतं, म्हणून चार वर्षं झालेली बॅटरी ऑक्टोबरातच बदलायची. काच धुण्याचं पाणी उणे वीस फॅरनहाइट किंवा त्याखालीही न गोठणारं घ्यायचं, उन्हाळ्यातलं निळं पाणी नळीत गोठतं. तापमान दहा अंश फॅरनहाइट उतरलं की टायरमधल्या हवेचा दाब साधारण एक पीएसआय (दाबाचं माप) उतरतो, तेव्हा डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा पाहून घाबरायचं नाही, हवा भरायची. बर्फ वितळवायला मीठ पंधरा फॅरनहाइटच्या खाली फारसं चालत नाही, तेव्हा पायऱ्यांवर वाळू टाकायची. झालं. हे सगळं शिकता येतं, आणि विकतही मिळतं.

ज्याचं कोणी बोलत नाही ते वेगळंच असतं. उदाहरणार्थ पेट्रोल. न्यू जर्सीत स्वतःच्या हाताने पेट्रोल भरायला 1949 पासून कायद्याने बंदी आहे. काच चार बोटं खाली करायची, कार्ड बाहेर द्यायचं, गाणं ऐकत बसायचं. देशात हा राजेशाही थाट आता फक्त आमच्याच राज्यात उरलाय. मिनेसोटात पंपावर स्वतः उतरायचं. हातमोजा घातला तर स्क्रीनला बोट कळत नाही, काढला तर बोटालाच बोट कळत नाही. पिन कोड विचारतात, गाडी धुऊन हवी का विचारतात, सभासद आहात का विचारतात. वारा मागून कॉलरमध्ये शिरत असताना मशीनला इतक्या चौकशा सुचतात कशा? शिवाय कडाक्यात टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नये म्हणतात, म्हणजे हे आणखी वरचेवर. काकांनी हा मुद्दा काढला असता तर मी तिथेच शरण गेलो असतो.

दुसरं, बर्फ पडल्यावरचं पार्किंग. शहराने ‘स्नो इमर्जन्सी’ जाहीर केली की पहिल्या दिवशी रात्री 9 ते सकाळी 8 मुख्य नेमलेल्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंना गाडी लावायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी 8 ते रात्री 8 बाकीच्या रस्त्यांच्या सम क्रमांकाच्या बाजूला नाही. तिसऱ्या दिवशी त्याच वेळेत विषम बाजूला नाही. बर्फ हटवणारा नांगर त्याआधी फिरून गेला असेल तर सवलत आहे, पण फिरला म्हणजे कडेपर्यंत फिरला पाहिजे, नुसता मधून गेला तर नाही. चुकलात तर दंड, आणि बहुतेक वेळा गाडी उचलूनच नेतात. मग दंड वेगळा, उचलणावळ वेगळी, आणि गाडी सोडवायला त्याच बर्फातून गाडीशिवाय जायचं. हा मजकूर वाचून आमच्यापैकी कोणालाही एकादशी-द्वादशीचं पारणं आठवेल. सोप्या भाषेत सांगायचं तर गॅरेज नसलेलं घर घेऊ नये.

गॅरेज असलेलं घर घेतलं की ड्राइव्हवे येतो. वर्षाला सरासरी 50 इंच बर्फ. (1991 च्या हॅलोविनला एकाच वादळात 28.4 इंच पडला होता, तिथले लोक अजून तो किस्सा पाहुण्यांना जेवणाआधी सांगतात.) स्नो ब्लोअर दोन जातींचे. एकपदरी यंत्राची रबरी पाती जमिनीला घासतात. सहा-आठ इंचांपर्यंत ठीक, खडीवर अजिबात नको. दुपदरीत पुढचा स्क्रू बर्फ फोडतो आणि मागचा पंखा तो लांब फेकतो. दुपदरीच घ्यावं, कारण खरा शत्रू आकाशातून पडत नाही. आपण तासभर राबून ड्राइव्हवे साफ करतो, आणि मग महापालिकेचा नांगर येऊन रस्त्यावरचा सगळा दगडासारखा चोथा आपल्याच तोंडाशी लावून जातो. त्यात वर्तमानपत्राचा गोठलेला गुंडाळा असतो, तो स्क्रूत अडकतो आणि शिअर पिन तुटते. ती तुटण्यासाठीच केलेली असते, नाहीतर गिअरबॉक्स जातो; म्हणून जास्तीच्या पिना हँडलपाशीच बांधून ठेवाव्या. रविवारी पहाटे दुकानं उघडी नसतात. आणि घरासमोरचा पदपथ बर्फ थांबल्यापासून 24 तासांत साफ झाला पाहिजे, हाही शहराचा नियम. पदपथ त्यांचा, फावडं आपलं.

घर बघताना ओटा ग्रॅनाइटचा आहे का हे आपण पाहतो, पाहायचं असतं माळ्यावरचं इन्सुलेशन. ते कमी असेल तर घरातली ऊब छताला लागते, वरचा बर्फ वितळतो, पाणी घरंगळत पागोळीपाशी येतं आणि तिथे खाली ऊब नसल्यामुळे पुन्हा गोठतं. असा बांध तयार झाला की मागचं पाणी कौलाखालून भिंतीत उतरतं. इन्सुलेशनच्या मापात ते आर-49 तरी हवं. जमिनीतून घरात शिरणाऱ्या रेडॉन या किरणोत्सारी वायूची चाचणी घर घेण्याआधीच करावी. मिनेसोटात पाचातल्या दोन घरांत तो वायू धोक्याच्या पातळीला जातो. उपाय आहे: तळघराच्या फरशीखालून पाइप काढून पंख्याने तो छताबाहेर सोडतात. बागेच्या नळाची रबरी नळी ऑक्टोबरात काढली नाही तर भिंतीतला पाइप फुटतो आणि ते कळतं एप्रिलमध्ये. कढीपत्ता घरातच, दक्षिणेच्या खिडकीत. गॅरेजमध्ये “एक रात्र राहील” म्हणून ठेवला तर सकाळी फोडणीलाच घ्यावा.

इतकं असून माणसं तिथे सुखाने राहतात, आणि का राहतात तेही सांगायला हवं. न्यू जर्सीत घरपट्टीचं सरासरी बिल वर्षाला 10 हजार डॉलरवर गेलंय. तेवढ्याच किमतीच्या घराला मिनेसोटात साधारण निम्म्यात भागतं. ईडन प्रेअरी, प्लिमथ, वुडबरी या उपनगरांतून ऑफिसला जाताना बोगदा लागत नाही, आणि बोगद्यात अडकून रेडिओ बंद पडत नाही. शाळकरी पोरं अकरावी-बारावीतच कॉलेजचे विषय सरकारी खर्चाने करू शकतात, ही सोय 1985 पासून आहे. तळी गाडीच्या पाटीवर दहा हजार लिहिली आहेत, प्रत्यक्षात मोजून 11,842 भरली, म्हणजे जाहिरातीत कमी सांगणारं हे माझ्या पाहण्यातलं एकमेव सरकार. मेपल ग्रोव्हला हिंदू मंदिर आहे, मोठं आहे. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो. तो उजेड डासांनाही असतो.

प्राप्तिकराचं गणित मात्र कागदावर मांडून बघावं. पती-पत्नीचं मिळून करपात्र उत्पन्न साधारण 3 लाख 30 हजार डॉलरच्या (2025 चा आकडा) वर गेलं की मिनेसोटा वरच्या रकमेवर 9.85 टक्के घेतं; न्यू जर्सीत 5 लाखांपर्यंत 6.37 टक्केच. घरपट्टीत वाचलेलं इथे जाऊ शकतं. दोघांपैकी एकच कमावत असेल तर बहुतेकदा जात नाही.

आणि मग तो विषय, ज्यावर विनोद करायची मला हौस नाही. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर कामाचं ठिकाण दुसऱ्या महानगर क्षेत्रात गेलं की, कंपनी तीच, पगार तोच, खुर्चीसुद्धा तीच असली तरी, हलायच्या आधी सुधारित अर्ज दाखल व्हावा लागतो. ग्रीन कार्डचं पर्म, म्हणजे कामगार खात्याची पहिली मंजुरी, हे गावाला बांधलेलं असतं. आय-485, म्हणजे ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज, दाखल झालेला नसेल तर नवं गाव म्हणजे नवं पर्म: पुन्हा जाहिरात, पुन्हा वेतननिश्चिती, पुन्हा वाट. आय-140, म्हणजे कंपनीने आपल्यासाठी केलेला मधला अर्ज, मंजूर असेल तर रांगेतली जुनी तारीख राहते, एवढाच दिलासा, आणि तो भारतीयांच्या रांगेची लांबी पाहता दिलासा म्हणावा का हा प्रश्नच आहे. म्हणजे स्वस्त घर, चांगली शाळा, साहेबाची मर्जी सगळं जमलं तरी बदली घ्यायची की नाही हे ठरवतो वकील. पूजेत याबद्दल कोणी विचारत नाही. सगळे स्वेटरबद्दल विचारतात. आईवडिलांबद्दलही नाही: नेवार्कहून भारताचं थेट विमान मिळतं, मिनियापोलिसहून एकही नाही. सत्तरीतल्या माणसाने मध्यरात्री परक्या विमानतळावर गेट शोधायचं, गुडघे आणि लोणच्याची बरणी सांभाळत. या तोट्याला आर-49 चा उपाय नाही.

एवढ्यावरही जायचं ठरलं, तर सामानाचा भाव बाराशे मैलांवर आणि वजनावर ठरतो. ‘बाइंडिंग’, म्हणजे सांगितलेली रक्कम बांधून देणारं, अंदाजपत्रकच घ्यावं. नसेल तर दारात सामान उतरवताना ते अंदाजाच्या 110 टक्क्यांपर्यंत पैसे मागू शकतात. त्यापुढची बाकी नंतर बिलाने. आणि विम्याच्या रकान्यात फुकटचा पर्याय निवडला तर भरपाई पौंडाला 60 सेंट मिळते, वस्तू कोणतीही असो. दहा पौंडांचा मिक्सर फुटला तर सहा डॉलर. देव्हाऱ्यातला पितळी बाळकृष्ण अर्धा पौंड भरतो, त्याचे 30 सेंट. तो हातातल्या बॅगेतच न्यावा. फक्त भरीव पितळ एक्स-रेवर गडद काळं दिसतं, त्यामुळे ती बॅग बाजूला घेऊन उघडतील. बाळकृष्ण वरच ठेवा, खाली बेसनाचे लाडू.