बांगड्यांच्या शेजारची बाटली

आमचे भावजी मुंबईचे. नाशिकला एका वायनरीत जाऊन आल्यापासून ते पाणी पण वास घेऊन पितात. मे महिन्यात मालवणला आले ते सॉव्हिन्यॉ ब्लां या व्हाईट वाईनची बाटली घेऊनच, म्हणे माशांशी पेअरिंग करूया. रेड का नाही आणली, असं मी उगाच विचारलं आणि पंधरा मिनिटं अडकलो, रेडमधल्या लोहामुळे मासा तोंडात जास्त उग्र लागतो वगैरे. आईला सांगितलं द्राक्षाचा रस आहे.

आता हा रस 8 ते 10 डिग्रीला हवा. लाईट सकाळपासून गेलेली, फ्रीजमधल्या बर्फाचं पाणी झालेलं. शेवटी बाटली बाजारात नेली आणि नेहमीच्या मासेवालीच्या बर्फपेटीत बांगड्यांच्या मधोमध खुपसली. तिने फक्त विचारलं, "ह्येका काय भाव लावू?"

पहिली कालवं आली. भावजींनी पेला (स्टीलचा, काचेचे ग्लास माळ्यावर) गोल फिरवला, डोळे मिटले, नाक आत घातलं, "वा! मिनरल आहे, आणि मागे समुद्राची झुळूक!" ताई आणि मी एकमेकांकडे बघेचना. बाटलीला चिकटलेलं खवलं मी हळूच अंगठ्याने काढलं. मग फ्रान्समधल्या शाब्लीची गोष्ट निघाली, तिथल्या द्राक्षमळ्यांच्या जमिनीत कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या कालवांचे जीवाश्म सापडतात आणि तिथली वाईन लोक कालवांबरोबरच पितात. आई वाढता वाढता म्हणाली, "आमची कालवां सकाळपर्यंत जित्ती होती."

खोटं कशाला बोलू, कालवांबरोबर वाईन चांगली लागली, वर लिंबू पिळल्यासारखी. पण मग आलं तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं. तिरफळाने जीभ बधीर, त्यावर आईचा मालवणी मसाला, आणि दारूने तिखटाची आग आणखी भडकते हे भावजींच्या लेक्चरमध्ये होतं सुद्धा, पण हाताशी पेला तोच होता ना! कान लाल, डोळ्यात पाणी, मिनरल कुठच्या कुठे. आईने न बोलता सोलकढी पुढे सरकवली. वास न घेता प्यायले. दोन पेले.

आठ दिवसांनी मुंबईहून फोन. "अरे, तीच बाटली परत आणली, पण ती समुद्राची झुळूक काही येत नाही. तुझ्याकडे कशी काय आली होती?"

मी म्हटलं, "भावजी, सगळा स्टोरेजचा खेळ."